मोठी लॉ फर्म सोडून सेबी, आरबीआयसारख्या रेग्युलेटरमध्ये जायचंय? कोल्हापूरकडच्या वकिलांसाठी पहिल्या पायरीपासून

मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये काही वर्षं कॅपिटल मार्केटची कामं केली आणि मग परीक्षा देऊन रेग्युलेटरच्या (म्हणजे नियामक संस्थेच्या; सेबी शेअर बाजारावर देखरेख ठेवते, आरबीआय बँकांवर) लीगल विभागात लागले. तेव्हापासून कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडच्या ज्युनियर मुलामुलींचे फोन येत असतात, दीदी कुठला क्लास लावू, कुठलं पुस्तक घेऊ. क्लास आणि पुस्तक हा भाग खरंच नंतरचा आहे. हुशार मुलं परीक्षेत मार खाऊन बाहेर पडताना मी कमी बघितलीत, वय उलटून गेलं म्हणून किंवा एक सर्टिफिकेट चुकीच्या फॉरमॅटमध्ये काढलं म्हणून बाहेर पडलेली जास्त बघितलीत, आणि त्याचं फार वाईट वाटतं कारण ते सगळं टाळता येण्यासारखं असतं. म्हणून इथं क्रम तसाच ठेवलाय, आधी वय, मग कागद, मग अभ्यास.

१. आज रात्री पहिलं काम: वय मोजा

सेबीच्या ग्रेड ए (असिस्टंट मॅनेजर) लीगल स्ट्रीमला ओपनसाठी वयाची मर्यादा ३० आहे. आरबीआयच्या लीगल ऑफिसर ग्रेड बी ला २१ ते ३२, आणि एलएलएम असेल तर तिथं ३ वर्षांची सूट मिळत आलीय. ओबीसीला ३ आणि एससी-एसटीला ५ वर्षांची सूट असते. वय जाहिरातीत दिलेल्या एका ठराविक तारखेला मोजतात, फॉर्म भरायच्या दिवशी नाही.

आता फर्ममधला हिशोब बघा. पाच वर्षांचा कोर्स करून माणूस २३ ला बाहेर पडतो, तीन वर्षांचा केला असेल तर २४-२५. मग "अजून एक वर्ष, सीनियर असोसिएट झालो की बघू" असं करत करत २९ कधी होतं कळत नाही, कारण फर्ममध्ये दिवस ट्रान्झॅक्शनच्या क्लोजिंगवर मोजले जातात. जाहिरात दरवर्षी येईलच याची खात्री नसते आणि लीगलच्या जागा मोजक्याच असतात. त्यामुळे २६-२७ चे असाल तर निर्णय याच वर्षी घ्या.

तीस ओलांडलं असेल तर दार बंद झालं असं समजू नका. आरबीआय आहे, आणि कॉम्पिटिशन कमिशन वगैरे ठिकाणी काँट्रॅक्टवर वकील घेतात. काँट्रॅक्टचं काम चांगलं असतं पण ती कायम नोकरी नव्हे, घरच्यांना तसंच सांगा.

२. कुठला रेग्युलेटर, आणि राहणार कुठं

सेबी मुंबईत, बीकेसीला. आरबीआयचं मुख्य ऑफिस फोर्टला. आयआरडीएआय म्हणजे विमा, ते हैदराबाद. पेन्शनचं पीएफआरडीए दिल्लीत. आयएफएससीए म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्रांचं, ते गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत. राज्याचे म्हणाल तर वीज नियामक आयोग मुंबईत आणि महारेराचं मुख्य ऑफिसही मुंबईतच.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. या नोकऱ्या कोल्हापूरला परत यायचा रस्ता नाहीत. बदल्या होतात, आणि त्या दिल्ली, चेन्नई, कोलकाता, अहमदाबादलाही होऊ शकतात. ज्यांना मनापासून गावाकडं यायचंय त्यांच्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात, तिथं वकिली हा चांगला आणि वेगळा मार्ग आहे. घरी आई-बाबा तेच म्हणणार, "बेंच आलंय की आता, ये इकडंच." दोन्हीचा विचार एकदाच शांतपणे करा आणि मग मागं बघू नका, कारण अर्ध्या मनानं केलेली तयारी फर्मच्या कामापुढं टिकत नाही.

मला विचाराल तर फर्ममध्ये जे काम केलंय त्याच्या जवळचा रेग्युलेटर निवडा. आयपीओ, टेकओव्हर केले असतील तर सेबी. बँकिंग-फायनान्स टीमला असाल तर आरबीआय.

३. कागद: इथं घाई करू नका

ही यादी एका फोल्डरमध्ये, स्कॅन करून आणि ओरिजिनल दोन्ही, जाहिरात यायच्या आधी तयार पाहिजे:

- दहावीचं सर्टिफिकेट (जन्मतारीख आणि नावासाठी हाच मूळ कागद धरतात)
- बारावी, पदवी, एलएलबीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र
- सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं विद्यापीठाचं पत्र
- सनद आणि ऑल इंडिया बार एक्झामचं सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस
- फर्मचं अपॉइंटमेंट लेटर, अनुभवाचा दाखला, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६
- जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते
- आधार, पॅन, फोटो, सही, अंगठ्याचा ठसा

आता यातले खड्डे.

नाव. आपल्याकडं दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर, असं तीन ठिकाणी तीन प्रकारचं असतं. लग्न झालेल्या मुलींचं तर अजून एक. फॉर्मवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षा केंद्राच्या गेटवर अडवतात. सगळं दहावीच्या नावाप्रमाणं करून घ्या, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत आणि विवाह नोंदणी दाखला जोडीला ठेवा.

टक्केवारी. आरबीआयला एलएलबीला किमान ५० टक्के लागतात. शिवाजी विद्यापीठाचे असाल आणि मार्कशीटवर ग्रेड असतील तर रूपांतराचं पत्र आधीच मागून घ्या, इंटरव्ह्यूचं बोलावणं आल्यावर विद्यापीठात खेटे घालत बसायची वेळ येऊ देऊ नका.

आता सगळ्यात मोठा खड्डा, आरक्षणाचे दाखले. सेबी, आरबीआय हे केंद्राचे. राज्याच्या फॉरमॅटमधलं नॉन-क्रिमीलेयर तिथं चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. सेतूमध्ये अर्ज करतानाच "सेंट्रलसाठी पाहिजे" असं स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर जाहिरातीच्या शेवटी दिलेल्या नमुन्याशी ओळ न ओळ ताडून बघा. तारीखही बघा, जाहिरातीत म्हटलेल्या काळातलंच लागतं.

२०२४ चं राज्याचं १० टक्के एसईबीसी (मराठा) आरक्षण केंद्राच्या भरतीत नाही. तिथं बरेच जण ईडब्ल्यूएसचा विचार करतात आणि फर्ममधली मुलं नेमकी इथं अडकतात. ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, आणि त्या कुटुंबात तुम्ही स्वतः येता, तुमचा पगार धरून, शेती धरून, जोडीदाराचं धरून. मोठ्या फर्ममधला पगार एकटाच ती रेषा ओलांडतो. शिवाय ५ एकर किंवा जास्त शेती असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी बाद. बाबांचा तलाठ्याकडचा जुना उत्पन्नाचा दाखला जोडून हे काढायला जाऊ नका, पुढं पडताळणीत फॉर्म १६ मागितला की नोकरी जाते आणि वकील म्हणून नावही जातं. ओपनमधून भरा.

नॉन-क्रिमीलेयरचं उलटं आहे आणि हे खूप जणांना माहीत नसतं. तिथं तुमचा स्वतःचा पगार धरत नाहीत, आई-वडिलांची स्थिती बघतात, आणि उत्पन्नाच्या निकषात त्यांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत (पण ते कुठल्या वर्गाच्या सरकारी पदावर आहेत ते बघतात). म्हणजे बाबा शेतकरी आणि तुम्ही फर्ममध्ये भरपूर कमावताय म्हणून "आता आपण क्रिमीलेयर झालो" असं समजून हक्काचं सोडून देऊ नका.

४. अनुभवाचा दाखला नीट लिहून घ्या

आरबीआयला वकील म्हणून दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे सनद मिळाल्यानंतरचा. ट्रान्झॅक्शन टीममधली बरीच मुलं कोर्टात जायचंच नाही म्हणून सनद काढायला उशीर करतात, दोन-दोन वर्षं. तो काळ वाया जातो. फर्ममध्ये नवीन असाल आणि अजून सनद नसेल तर हे वाचून झाल्यावर तेच करा.

दाखल्यात पद, रुजू तारीख, पूर्णवेळ काम, सनद क्रमांक आणि कामाचं स्वरूप यायला पाहिजे. एचआरचा छापील दाखला बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. तुम्ही मसुदा करून द्या, ते सही करतात. आणि हा दाखला "वैयक्तिक कामासाठी" म्हणून शांतपणे मागा, कुठं अर्ज करताय ते ऑफिसभर सांगायची गरज नाही.

५. अभ्यास, फर्मची नोकरी सांभाळून

सेबीची रचना अशी. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, १००-१०० मार्कांचे, चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा. पहिल्या पेपरला किमान ३० टक्के, दुसऱ्याला ४०, आणि एकूण ४०. पहिल्या पेपरमध्ये इंग्रजी, गणित, रीझनिंग, सामान्य ज्ञान. दुसरा आपला कायद्याचा. दुसऱ्या टप्प्यात वर्णनात्मक इंग्रजी आणि पुन्हा कायदा, तिथं एकूण ५० टक्के लागतात. मग इंटरव्ह्यू, पण अंतिम यादीत दुसऱ्या टप्प्याचं वजन ८५ आणि इंटरव्ह्यूचं १५. म्हणजे बोलण्यावर निभावेल असं नाही, लेखीतच पुढं निघावं लागतं.

फर्मवाल्यांचं दुखणं दोन ठिकाणी असतं. एक, गणित आणि रीझनिंग, दहावीनंतर हात लावलेला नसतो. रोज सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास एवढंच, पण रोज. दुसरं जरा अवघड आहे. फर्ममध्ये आपण एका कायद्यात इतके खोल जातो की बाकीचे विसरतो. आयपीओ करणाऱ्याला मर्यादा कायदा आठवत नाही, प्रशासकीय कायदा तर कॉलेजमध्येच राहिलेला असतो. संविधान, दिवाणी प्रक्रिया, करार, मालमत्ता हस्तांतरण, पुरावा, कंपनी कायदा, कायद्याचा अर्थ लावायची तत्त्वं, सगळं बेअर अ‍ॅक्टवरून पुन्हा वाचा. फौजदारीचे नवे तीन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत, जुने आणि नवे कलम नंबर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

मग सेबीचे स्वतःचे: १९९२ चा कायदा, १९५६ चा सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स, १९९६ चा डिपॉझिटरीज, आणि रेग्युलेशन्समध्ये टेकओव्हर २०११, इनसायडर ट्रेडिंग २०१५, लिस्टिंगचे २०१५, आयसीडीआर (शेअर विक्रीला काढण्याचे) २०१८, फसवणुकीचे २००३.

क्लासपेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट सांगते, आणि फुकट आहे. सेबीच्या वेबसाइटवर ऑर्डर्स असतात. आठवड्याला एक अ‍ॅडज्युडिकेशन ऑर्डर (दंडाचा निर्णय देणारा आदेश) पूर्ण वाचा. कारणे दाखवा नोटीस काय होती, उत्तर काय आलं, सुनावणीत काय मांडलं, आणि दंड ठरवताना कलम १५-जे खाली काय बघितलं, म्हणजे गैरफायदा किती झाला, गुंतवणूकदारांचं नुकसान किती, परत परत केलंय का. मग त्यावर सॅटमध्ये, म्हणजे सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये, अपील झालं असेल (४५ दिवसांची मुदत असते) तर तो निकालही वाचा आणि ऑर्डर कुठं टिकली, कुठं मोडली ते वहीत लिहा. श्रीराम म्युच्युअल फंड २००६, सहारा २०१२, टी. ताकानो २०२२ हे सुप्रीम कोर्टाचे निकाल मुळातून वाचा, नोट्समधून नको. पहिल्यात दिवाणी दंडाला गुन्हेगारी हेतू सिद्ध करावा लागत नाही हे आहे, शेवटच्यात तपास अहवाल समोरच्याला दाखवण्याबद्दल आहे, आणि या दोन गोष्टी नोकरीत आल्यावरही रोज कामाला येतात.

वेळेचं म्हणाल तर शनिवार-रविवार कोल्हापूरला येणारे खूप आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येऊन-जाऊन दोन रात्री जातात. परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने ते कमी करा, घरचे समजून घेतात.

६. वर्णनात्मक इंग्रजी

फर्मच्या मुलांना वाटतं आपण दिवसभर इंग्रजीच लिहितो. पण ईमेल आणि करार लिहिणं वेगळं, निबंध आणि सारांश वेगळं. घड्याळ लावून, कीबोर्डवर, दर आठवड्याला एक सारांश आणि एक निबंध. एवढं पुरतं.

७. इंटरव्ह्यू

"एवढा पगार सोडून इकडं का?" हा प्रश्न येणारच. "वर्क-लाइफ बॅलन्स" हे उत्तर देऊ नका, पॅनेलवर बसलेली माणसं स्वतः रात्री उशिरापर्यंत फाइली बघतात. देशसेवेवर भाषणही नको. स्वतःच्या कामातून उत्तर काढा. मी सांगेन की ऑफर डॉक्युमेंटमधले धोक्याचे घटक कंपनीच्या बाजूनं लिहिताना तोच कागद पैसे घालणारा माणूस कसा वाचेल हे मनात यायचं, आणि तो त्याच्या बाजूनं वाचायचं काम करायचंय.

आपल्या भागातल्या माणसाकडं तर याला खरी उदाहरणं आहेत. जास्त परताव्याच्या स्कीममध्ये रिटायरमेंटचे पैसे घातलेला एखादा नातेवाईक किंवा शेजारी ओळखीत नाही असं घर आपल्याकडं शोधावं लागेल. पण नुसती हळहळ सांगू नका, कायदा सांगा: सेबी कायद्याचं कलम ११-एए (सामूहिक गुंतवणूक योजनांचं) कुठं लागतं, राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा कुठं, २०१९ चा अनियंत्रित ठेवींचा कायदा कुठं. आरबीआयला जाणाऱ्यांनी सहकारी बँका पक्क्या करा, कारण कोल्हापूर ऐकलं की त्याकडं वळायला वेळ लागत नाही. बँकिंग नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं आरबीआयचे अधिकार कसे वाढले, त्याच कायद्याच्या कलम ३५-ए खालचे निर्बंध म्हणजे काय, ठेव विमा ५ लाख कधीपासून (फेब्रुवारी २०२०). जिल्ह्याची माहितीही विचारतात. शाहू महाराजांचा १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा आदेश, कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं जीआय आणि ते महाराष्ट्र-कर्नाटक दोघांचं आहे हे, ऊस नियंत्रण आदेश १९६६ आणि एफआरपी (उसाचा ठरवून दिलेला किमान दर), एवढं यायलाच पाहिजे.

एक कडक इशारा. क्लायंटचं नाव किंवा आतली माहिती पॅनेलसमोर सांगू नका, त्यांनी खोदून विचारलं तरी. "गोपनीय असल्यानं नाव सांगू शकत नाही, कामाचं स्वरूप सांगतो" म्हणा. वकिलाकडं आलेली माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी काम सुटल्यावरही राहते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं (२०२३) कलम १३२ वाचून जा. जो उमेदवार जुन्या क्लायंटचं बोलून टाकतो तो उद्या इथलंही बाहेर बोलेल, असंच समोरच्याला वाटणार.

८. राजीनामा कधी

अंतिम यादीत नाव आलं म्हणून नाही. ऑफर लेटर हातात आल्यावर. मध्ये मेडिकल, कागद पडताळणी, पोलिस पडताळणी असते आणि त्याला लागायचा तेवढा वेळ लागतो. फर्मचा नोटीस पिरियड बऱ्याचदा तीन महिन्यांचा असतो, तो आणि जॉइनिंगची तारीख जुळत नसेल तर मुदतवाढ लेखी मागा. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर तो परत मागण्याचं कलम तुमच्या लेटरमध्ये आहे का बघा. रिलीव्हिंग लेटर नसताना जॉइन व्हायला जाऊ नका.

पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा, अटक, केस याबद्दल विचारतात. कॉलेजच्या आंदोलनातली जुनी केस असेल, निकाली निघालेली असेल, तरी लिहा. लपवल्याबद्दल नोकरी जाऊ शकते, अवतार सिंग (२०१६) हा सुप्रीम कोर्टाचा निकाल याच विषयावर आहे. पाच वर्षांतले पत्ते विचारतात तेव्हा मुंबईतल्या सगळ्या भाड्याच्या खोल्यांचे करार शोधून ठेवा.

९. फर्ममधून निघताना

लॅपटॉपवरचा एकही मसुदा, एकही क्लायंटची फाइल स्वतःच्या मेलवर पाठवायची नाही, नमुना म्हणूनसुद्धा नाही. ज्या ज्या प्रकरणांवर काम केलं त्यांची यादी मात्र आठवणीत पक्की असू दे, कारण इथं आल्यावर त्यातलं काही समोर आलं तर पहिल्या दिवशी लेखी कळवून बाजूला व्हायचं असतं. शेअर्स असतील तर स्वतःचे आणि घरच्यांचे डीमॅट स्टेटमेंट काढून ठेवा, रेग्युलेटरच्या कर्मचाऱ्यांना गुंतवणुकीचे वेगळे नियम असतात, रुजू होतानाच ते वाचून सही करावी लागते.

१०. पैशाचं बोलणं घरात आधी करा

पगार कमी होणार. २०२५ च्या जाहिरातीत सेबी ग्रेड ए चं बेसिक ६२,५०० होतं, वर भत्ते आणि घराची सोय किंवा भत्ता वेगळा. तरी फर्मच्या सीनियर असोसिएटपेक्षा कमीच. होम लोनचा हप्ता फर्मच्या पगारावर बांधलेला असेल तर आधी तो खाली आणा. घरात आई-बाबांना, नवरा-बायकोला आकडा सांगा, कागदावर लिहून.

११. रुजू झाल्यावर

इथं नोटिंग असतं. तुमचं मत फाइलवर जातं, नावानिशी, तारखेनिशी, आणि वर्षांनंतर कोर्टात वाचलं जातं. फर्ममध्ये आपण मतात पळवाटा ठेवून लिहितो, इथं एक बाजू घेऊन कारण लिहावं लागतं. समोरचा चुकला असं ठाम वाटत असतानाही त्याची सुनावणी पूर्ण ऐकायची आणि त्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचं, नाहीतर सॅटमध्ये ऑर्डर परत येते. फर्ममध्ये समोरच्या बाजूनं काम केलेल्या माणसाला हे लवकर जमतं, कारण नोटिशीतली फट कुठं शोधतात हे त्याला माहीत असतं.

१२. सनद

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणं पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, आणि नोकरी लागल्याचं राज्य बार कौन्सिलला कळवावं लागतं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं सनद स्थगितीचा अर्ज रुजू होतानाच करा, जॉइनिंग लेटरची प्रत जोडा, आणि पोच घेऊन ठेवा. पुढं कधी नोकरी सोडून सर्किट बेंचला वकिली करायची ठरवली तर सनद पुन्हा सुरू करताना हाच कागद लागतो. गाडीवर, व्हिजिटिंग कार्डवर, सोशल मीडियावर "अ‍ॅड." लावलं असेल तर तेही त्याच आठवड्यात काढून टाका.